आत्यानं एकही बटन उगाच दाबलं नाही

स्पीड टेस्ट दहा मिनिटांची होती आणि दहा मिनिटं होऊन गेली तरी आत्याचा 'स्टॉप' आलाच नाही. सकाळची सातची बॅच, आम्ही अकरा जणी, अकरा मशीनी आणि टिनावर गारा पडाव्या तसा त्यांचा आवाज. नियम असा, की वेळेआधी उतारा संपला तर परत वरून सुरू करायचा, हात थांबवायचा नाही. दुसरा नियम आत्याचा स्वतःचा होता. 'स्टॉप' ऐकू येईपर्यंत मान वर करायची नाही, कीबोर्डकडे बघायचं नाही, घड्याळाकडे नाही, तिच्याकडे तर मुळीच नाही. मी दुसऱ्यांदा अर्ध्या उताऱ्यापर्यंत आले तेव्हा बोटांनाच कळलं की हे जास्त होऊन राहिलं. मान वर केली. आत्या खुर्चीत बसली होती, स्टॉपवॉच हातात, डोकं जरा डावीकडे कललेलं. कुणाची लय बिघडली ते ऐकताना ती नेहमी बसायची, अगदी तशी. बाकीच्या दहा जणी टाइप करतच होत्या. डॉक्टर नंतर म्हणाले, चौथ्या-पाचव्या मिनिटालाच गेल्या असतील, हार्ट. म्हणजे पुढचा सगळा वेळ आम्ही तिच्यासाठी नीट, न चुकता टाइप करत होतो आणि ती...

याला आता पाच आठवडे झाले. वत्सला तुकाराम मेश्राम, माझ्या बाबांची मोठी बहीण, वय सत्तेचाळीस, लग्न केलं नाही, बर्डीच्या बाजारातल्या आमच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये बावीस वर्षं शिकवलं. बाबा खापरखेड्याला वीज केंद्रात आहेत, आई-बाबा तिथल्या कॉलनीत राहतात आणि मी कॉलेजसाठी म्हणून आत्याकडे आले ती इथलीच झाले. विहारात तिची शोकसभा झाली. लोकांना बसायला जागा नव्हती, तिनं शिकवलेल्या पोरी कुठून कुठून आल्या होत्या, कुणी कोर्टातून, कुणी झेडपीतून, एक तर काटोलहून लेकराला कडेवर घेऊन पहिल्या बसनं आली. सगळे बोलले. शिस्त बोलले, शुद्धलेखन बोलले, किती घरांत तिच्यामुळे नोकरी आली ते बोलले. मशीनबद्दल मात्र कोणी एक शब्द काढला नाही. टाइपरायटर नव्हे हो, ते दुसरं मशीन, इन्स्टिट्यूटच्या खाली व्हिडिओ गेमच्या दुकानात आहे ते. मी उठायला लागले तर बाबांनी मनगट धरलं. "मित्रा, आज नाही," म्हणाले. मित्रा हे माझं नाव. बाहेर चपला घालताना मात्र मागून बरोब्बर ऐकू आलं, "त्या गेमनंच घात केला बाईचा, या वयात छातीले झेपते काय ते?"

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे लिहिणं चालू आहे. आणि आता तर कारणच झालं. आत्याची खुर्ची मला मिळते आहे. इन्स्टिट्यूटचे मालक, ज्यांना आम्ही सर म्हणतो, त्यांनी कागद दिला आहे. नेमणूक वर आणि खाली अट. खालच्या दुकानात मुलींना नेणं कायमचं बंद, आणि मॅडमचं नाव त्या दुकानाशी जोडलं जाईल असं काही बोलायचं-लिहायचं नाही. सोमवारपर्यंत सही. मला ही खुर्ची पाहिजे, खोटं काहून बोलू, जीव टाकून पाहिजे. बाबा म्हणतात डोळे मिटून सही कर. आज रविवार आहे, कागद इथं घरच्या टाइपरायटरच्या उजव्या बाजूला पडला आहे, आणि मी हे टाइप करून राहिले.

तर ते मशीन. तीन वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरचं कापडाचं दुकान उठलं आणि तिथं बबलूभाईनं व्हिडिओ गेम लावले. पहिल्याच दिवशी दुपारच्या बॅचला फरशीतून असे आवाज यायला लागले की जणू खाली कुणी स्टोव्हमध्ये हवा भरून राहिलं आणि मध्येच फटाके लावून राहिलं. चालू टेस्टमध्ये चार पोरींच्या चुका दुप्पट. आत्या पदर खोचून खाली उतरली, मी मागे. आत अंधार, उदबत्तीचा वास, आणि पोट्ट्यांचा गठ्ठा. बाई आत आल्या म्हणून सगळे जरा सरकले. आत्यानं बबलूभाईला सांगितलं, वर पोरींचं आयुष्य घडून राहिलं आणि खाली तुम्ही हा धिंगाणा लावला, आवाज कमी करा. बबलूभाई हात जोडून म्हणाला, "मॅडम, आवाज कम करूंगा, कसम से. पर एक बार बैठ के तो देखो. फिर जो बोलोगे वो करूंगा."

त्यानं दाखवलं ते मशीन बाकीच्यांसारखं उभं नव्हतं. त्यात बसायचं होतं. फियाटचा पुढचा अर्धा भाग कापून आणून ठेवावा तसं, आत सीट, समोर काच आणि दोन मुठींचं हँडल, बोटांखाली बटनं. काचेवर चित्रं नव्हतीच मुळी, फक्त रेघा. काळ्याकुट्ट अंधारात हिरव्या, लाल, निळ्या रेघा, इतक्या बारीक आणि चमकदार की आमच्या शेजारच्या रंगीत टीव्हीनं लाजावं. रेघांचीच विमानं, रेघांचेच मनोरे, आणि शेवटी रेघांचीच एक लांब खंदक, तिच्या दोन भिंतींमधून तुम्ही सुसाट जायचं, समोरून आगीचे गोळे येतात, आडवे खांब येतात, आणि खंदकाच्या टोकाला एक छोटंसं भोक. त्यात नेम धरून एक गोळी टाकली की अख्खा लोखंडी ग्रह फुटतो. अवकाशातल्या लढाईच्या एका इंग्रजी सिनेमावरून ते काढलं होतं. मशीन मध्येमध्ये इंग्रजीत बोलायचं सुद्धा, सिनेमातलीच वाक्यं, पोट्ट्यांना ती पाठ होती आणि अर्थ कुणालाच माहीत नव्हता. पुढे तो सिनेमा सकाळच्या शोला परत लागला तेव्हा आम्ही दोघी जाऊन आलो. आत्याला मुळीच आवडला नाही. "यात ते लोकच उडून राहिले," म्हणाली, "आपन नुसतं बसून राहतो. मशीन बरी."

पण त्या पहिल्या दिवसाचं सांगत होते. आत्या बसली. साडी सावरून, पाठ ताठ, दोन्ही मुठी धरल्या, अगदी परीक्षेला बसतात तशी. गेम सुरू झाला आणि ती बटनच दाबेना. समोरून विमानं येऊन राहिली, गोळे येऊन राहिले, ही नुसती हँडल फिरवते. मागून पोट्टे ओरडायला लागले, "ओ मावशी, फायर मारा नं, फायर." मी वाकून म्हटलं, "आत्या, बटन दाब नं वं." तर ती मान न वळवता म्हणते, "काहून? चुकला त मार्क कापतीन." मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि हसू दाबता दाबता माझे हाल झाले. टायपिंगच्या परीक्षेत खोडता येत नाही, चुकीची की पडली की पडली, गुण गेले. स्पीड कितीही असो. इतकी वर्षं ती हेच शिकवत आली होती, म्हणून तिनं गृहीतच धरलं की हे मशीनही वाया गेलेली प्रत्येक गोळी कुठंतरी लिहून ठेवते आणि शेवटी कापते. पहिला गेम मिनिटभरात संपला. पोट्टे टाळ्या पिटून हसले. एक जण म्हणाला, "मावशी, भाजीबाजार तिकडे आहे, इकडे चुकून आल्या तुम्ही." आत्या उतरली, त्याच्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "भाजी घेऊनच आली मी. तुह्या आईनं धाडलं काय तुले, की पळून आला?" सगळे त्याच्यावर हसले आणि ती वर आली. आवाज कमी झाला की नाही ते विचारायचंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते दीड, दोन बॅचच्या मधल्या वेळात, ती डबा खाऊन खाली गेली. तिसऱ्या दिवशीही. मी सांगून सांगून थकले की आत्या, यात मार्क कापत नाहीत, कितीही गोळ्या मार. तिला ते पटायचं नाही. "असं कसं होईन? मंग ज्याले येते आणि ज्याले येत नाही, त्यांच्यात फरक काय राहिला?" गरजेपुरतंच मारायची, विमान अगदी अंगावर आलं तरच, आणि खंदकात शिरली की बोटं बटनांवरून उचलूनच घ्यायची. पोट्टे खंदकात नुसता गोळ्यांचा पाऊस पाडायचे, हिची गाडी मुकाट्यानं डावी-उजवी, वर-खाली, कधी खांबाखालून, कधी दोन गोळ्यांच्या फटीतून, आणि टोकाला आली की एक. फक्त एक. बहुतेक वेळा ती आधीच मरायची. पंधरा-वीस दिवस असंच गेलं. मग एका दुपारी ती पूर्ण खंदक एकही गोळी न मारता पार करून टोकाला आली, एक गोळी टाकली, ग्रह फुटला, आणि काचेवर इंग्रजीत काहीतरी आलं, मी वाचेपर्यंत गेलं सुद्धा. पण आकडा... आकडा एकदम एवढा उडाला की मागचे पोट्टे काचेवर वाकले. बबलूभाई गल्ला सोडून आला. "मशीन बिगड़ गई क्या?" म्हणाला. त्यानं स्वतः बसून पाहिलं, गोळ्या मारत गेला, आकडा साधाच आला. आत्या परत बसली, परत एकही गोळी न मारता गेली, परत आकडा उडाला. मशीन बिघडली नव्हती. ज्यानं ते मशीन बनवलं त्यानं आतमध्ये हे ठेवलंच होतं, की जो खंदकात उगाच गोळी मारणार नाही त्याला मोठं बक्षीस. तिकडच्या देशात हे सगळ्यांना माहीत असेल, छापून आलं असेल. बर्डीवर ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण बटन हाताखाली असताना न दाबून पाहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. ते माझ्या आत्याच्या चुकीतून निघालं. आणि ही चूक टायपिंग शिकवणारी बाईच करू शकते, दुसरं कोणी नाही.

त्या दिवशी पहिल्यांदा मशीननं तिला नाव विचारलं. तीनच अक्षरं बसतात, इंग्रजी. तिनं फॉर्मवर लिहितात तसं भरलं, स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. व्ही, टी, एम. सगळ्यात वरची तीन नावं तेवढी मशीनमध्ये टिकतात, बाकीची लाइन गेली की पुसली जातात, आणि आपल्याकडे लाइन काय, जातच राहते. आत्याचं नाव गेलं नाही. आजोबा, म्हणजे तुकाराम मेश्राम, गिरणीत उभे राहून राहून गेले, त्यांचं नाव कुठल्या दगडावर नाही, पाटीवर नाही. मी आत्याला म्हटलं, "पाय, त्या 'टी'त आजोबा चमकून राहिले." तिनं चष्मा पुसला आणि वर बॅच घ्यायला गेली.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. भांडण सुरू झालं ते शून्यवाल्यांवरून. दर शनिवारी आमची टेस्ट असते. आत्यानं जाहीर केलं, जिच्या पेपरात एकही चूक नाही ती शून्यवाली, आणि शून्यवालीला खाली एक गेम. आधी पोरी लाजल्या. पोट्ट्यांनी भरलेल्या त्या अंधाऱ्या दुकानात कोण जाईल? आत्या म्हणाली, "माह्यासंग जायचं. मी दारात उभी राहते." पहिल्या शनिवारी दोघी गेल्या. महिनाभरात सात-सात शून्यवाल्या निघायला लागल्या, ज्या पोरी पंचवीस चुका करायच्या त्या हात आवरून, श्वास रोखून टाइप करायला लागल्या. पारशिवनीची सुनीता, हॉस्टेलला राहून शिकणारी, गर्दीत नाव विचारलं तरी रडवेली होणारी, ती त्या सीटवर बसली की अशी काय खंदक पार करायची की पोट्टे बाजूला होऊन बघायचे. शेरे मारणारे कमी झाले असं नाही. पण आता पोरी उलट बोलायला लागल्या होत्या. एकदा कोणीतरी म्हणालं, "आज लेडीज शो आहे वाटते." सुनीता सीटवरून, मान न वळवता, "होय गा. तुमचं तिकीट संपलं." मी तर पडायचीच बाकी राहिले.

मग सुनीताच्या बाबांची चिठ्ठी आली सरांकडे. पोरीला टायपिंगला पाठवलं आहे, जुगाराच्या अड्ड्यावर नाही, अशी. सरांनी आत्याला ऑफिसात बोलावलं, दार उघडंच होतं, आम्ही सगळ्या आवाज न करता टाइप करायचं नाटक करत होतो. सर म्हणाले, मुलींना नेणं बंद करा, आणि तुम्हीही जाऊ नका, संस्थेला शोभत नाही. आत्या म्हणाली, "सर, मी खाली काय शिकवते ते एकदा येऊन पाहा. मंग तुम्ही म्हणाल ते." सर आले. म्हणजे दुकानाच्या दारापर्यंत आले, उंबरा ओलांडला नाही, रुमाल नाकाला लावून उभे राहिले. आत्या बसली, खेळली. खंदक पार केली, टोकाला एक गोळी. खाली उतरून म्हणाली, "पाहिलं, सर? एकही बटन उगाच दाबलं नाही. वर वीस वर्षं मी हेच सांगून राहिली, खाली पोरी ते एका महिन्यात शिकल्या." सर म्हणाले, "ते सगळं ठीक आहे हो मॅडम. पण बाईमाणसानं असं बसून... आणि तुमच्यासारख्यांनी तर जास्तच जपायला पाहिजे." आत्यानं विचारलं, "माझ्यासारख्यांनी म्हणजे कोणी, सर?" सरांनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली. "मग काढून टाका मला," ती म्हणाली, शांतपणे, आणि वर जाऊन बॅच सुरू केली.

काढून टाकलं नाही. कसं काढतील, बोर्डाच्या परीक्षेत तिच्या पोरी पास होतात म्हणून तर नवीन पोरी येतात. पण पंधरा दिवसांत जिन्यातली पाटी रंगवून आली आणि तिच्यावरून 'मुख्य निदेशिका' आणि खालचं तिचं नाव गेलेलं होतं. मी ओरडायला लागले, ती म्हणाली, रंग संपला असेल. घरी येऊन तिनं आमचा जुना टाइपरायटर उघडला, पेट्रोलमध्ये ब्रश बुडवून एकेक अक्षर घासत बसली, स्वयंपाक केला नाही. दोन दिवस ती खाली गेली नाही. मला वाटलं, जिंकले ते. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. टेस्ट झाली, पेपर तपासले, आणि ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, "शून्यवाल्या कोण कोण, चला."

त्या रविवारी बाबा खापरखेड्याहून बसनं आले, पिशवीत कॉलनीतल्या वाडीची वांगी. गोष्ट त्यांच्यापर्यंत गेलीच होती. पाणी प्यायच्या आधीच सुरू झाले, "ताई, लोक काय म्हणून राहिले माहीत आहे काय तुले?"

"बस गा वसंता. लोक कधी म्हणत नव्हते?"

"आता आपन सुधारलो नं. नोकऱ्या लागल्या, घरं झाली. आता तरी लोकांले बोलाले जागा काहून द्यावी?"

मग आत्यानं जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकत होते. ती एकोणीस वर्षांची असताना टायपिंग शिकायला गेली, बर्डीवरच, दुसऱ्या एका इन्स्टिट्यूटमध्ये. वस्तीतली पहिली पोरगी. फी घेतली आणि मशीन दिलं कोपऱ्यातलं, ज्याची एक की अडकायची. बाकी मशीनींवर तासातासानं पोरं बदलायची, पण हिच्या मशीनवर हिच्यानंतर कोणी बसायला तयार नव्हतं. कोणी तोंडानं काही म्हटलं नाही, फक्त बसत नव्हते. "मंग ते मशीन दिवसभर माह्यंच होतं," आत्या म्हणाली. "बाकीच्यांले एक तास, मले सहा. वर्षाच्या शेवटी त्या अख्ख्या इन्स्टिट्यूटमध्ये माह्यी स्पीड जास्त होती. तेव्हाबी घरी येऊन लोक म्हणतच होते, पोरीची जात, मशीनवर बसते म्हणे. बाबांनी काय म्हटलं होतं, आठवते तुले?"

बाबा खाली बघत होते. "बस म्हणले होते," ते हळूच म्हणाले.

"बस म्हणले होते. आता तू मले ऊठ म्हणून राहिला."

बाबा उठून हात धुवायला गेले. जेवले, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली आणि चारच्या बसनं गेले. पण मत बदललं असं समजू नका. परवा मला म्हणाले, "तिचं वेगळं होतं, मित्रा. ती भांडू शकत होती. तुले नोकरी पाहिजे." बाबा, हे तुम्ही वाचाल तेव्हा रागवाल, माहीत आहे मला. पण ती भांडू शकत होती म्हणजे काय? ती जन्मताच भांडत आली होती काय? तिलाही नोकरी पाहिजेच होती. तिला तर माझ्यापेक्षा जास्त पाहिजे होती, तिच्यामागे खापरखेड्याचा पगार नव्हता.

आणि ते छातीचं. डॉक्टरांनी तिला दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की हार्ट मोठं झालं आहे, जिने चढू नका. इन्स्टिट्यूट दुसऱ्या मजल्यावर आहे. ती पोरींना शिकवायला दिवसातून दोनदा ते जिने चढायची, त्यावर कोणी म्हणालं नाही की शिकवण्यानं घात केला. ती गेली ती खुर्चीत, स्टॉपवॉच हातात घेऊन, सकाळच्या बॅचला. त्याच्या आदल्या दुपारी ती खाली खेळली होती, मी सोबत होते. दमली नव्हती, उलट ताजी होऊन वर आली, एका गोळीनं चुकली म्हणून स्वतःवर चिडलेली. "टोकाले घाई केली मी," म्हणत होती, "मित्रा, टोकाले घाई करायची नाही." ज्यांना वाटतं की त्या मशीननं तिला मारलं, त्यांनी एकदा तिला त्या सीटवर बघायला पाहिजे होतं. मी बघितलं आहे. दिवसभर सगळ्यांचं ऐकून घेणारी बाई ती अर्धा तास कुणाचं काही ऐकत नसे, बस्स.

काल शनिवार होता. आत्या गेल्यानंतर एवढे शनिवार टेस्ट झालीच नव्हती. मी घेतली. कुणी घ्यायला सांगितली नव्हती, सरांना विचारलं नाही. स्टॉपवॉच हातात धरलं आणि वेळेवर 'स्टॉप' म्हटलं. पेपर तपासले. तीन जणींची एकही चूक नाही, त्यात सुनीता. मी नुसते पेपर परत दिले, 'शून्यवाल्या, चला' म्हटलं नाही, सरांचा तो कागद दिसत होता समोर. सुनीतानं पर्स उचलली. "ताई, जायचं नं?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या बाबांचं काय?" तर म्हणते, "त्यांले मी सुटीतच सांगून टाकलं. पहिले चिडले. मंग विचारत होते, भोकात गोळी टाकाची कशी."

आम्ही चौघी खाली गेलो. दुकान भरलेलं होतं, शनिवार म्हटल्यावर असणारच, पोट्ट्यांनी दप्तरं, स्वेटर, सायकलच्या किल्ल्या जिथं जागा मिळेल तिथं टांगलेल्या, मशीनीच्या कोपऱ्यांवर, खिडकीच्या कडीवर, एकानं तर पंख्याच्या बटनावर पिशवी अडकवली होती. आम्ही शिरलो तसं कोणीतरी आवाज कमी केला. त्या बसायच्या मशीनवर एक पोट्टा खेळत होता, तो गेम अर्धवट टाकून उतरला. मी म्हटलं, "खेळ बे, संपव." तो म्हणाला, "नाही मॅडम, बसा." मॅडम मला. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी येऊन मी सरांचा कागद मशीनमध्ये चढवला आणि अटीच्या खाली टाइप केलं, 'नेमणूक मान्य. अट मान्य नाही.' खाली सही केली. उद्या सकाळी सातच्या बॅचआधी त्यांच्या टेबलावर ठेवीन. ते खुर्ची देतील की नाही, मला माहीत नाही. नाही दिली तर दुसरीकडे शिकवीन, बर्डीवर इन्स्टिट्यूटा कमी नाहीत आणि माझी स्पीड त्यांना ठाऊक आहे. शनिवारी शून्यवाल्या मात्र खाली जातील.

एक राहिलं. काल सीटवर बसायच्या आधी मी पर्स कुठं ठेवू म्हणून बघत होते तेव्हा मशीनच्या डाव्या बाजूला लाकडात एक खिळा दिसला. गुळगुळीत, वापरून वापरून चमकलेला. बबलूभाई म्हणाला, तुमच्या मॅडमना पर्स जमिनीवर ठेवलेली चालत नसे म्हणून त्यानं ठोकून दिला होता. एवढ्या गर्दीत, जिथं बोटभर जागा रिकामी नाही तिथं, तो एक खिळा रिकामा होता. मी विचारलं, "तुम्ही यांना मना केलं काय?" तो म्हणाला, "मैंने किसी को कुछ नहीं बोला. खुद ही नहीं टांगते." आत्याच्या कोपऱ्यातल्या मशीनवरही कोणी बसायचं नाही... तेच एक क्षणभर मनात आलं, आणि मग त्या पोट्ट्यांचे चेहरे पाहिले आणि कळलं की हे ते नव्हे. मी पर्स खिळ्याला अडकवली. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "ते मॅडमचं आहे, ताई."

"म्हणूनच," मी म्हटलं, आणि बसले.